अर्जदार आणि प्रश्नकर्ता : संशोधनपदवीच्या अर्जाचा एक इतिहास

१

विद्यापीठातील संशोधनाचा इतिहास आपण सामान्यतः प्रबंधांच्या आधारे लिहितो. प्रबंध सादर झाला, मान्य झाला, पुढे ग्रंथरूपाने आला, की तो इतिहासाचा विषय होतो. त्या प्रबंधाच्या आधी जो एक छोटा मजकूर लिहिला गेलेला असतो, म्हणजे प्रवेशाचा अर्ज, त्यासोबतचा आराखडा, शिफारसपत्रे, शिष्यवृत्तीची विनंती, मुदतवाढीची विनंती, त्याकडे मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः संशोधकाचा प्रश्न पहिल्यांदा शब्दबद्ध होतो तो या मजकुरात. तो प्रश्न विचारण्याची मुभा कोणाला, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या खर्चाने मिळाली, याचा पुरावाही त्यातच सापडतो. प्रस्तुत निबंधात या मजकुराकडे एक लेखनप्रकार म्हणून पाहण्याचा आणि मराठी भाषक अभ्यासकांच्या काही प्रसिद्ध उदाहरणांच्या आधारे त्याचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

आरंभी शब्दांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. ‘अर्ज’ हा शब्द मूळ अरबी. तो फारसीच्या वाटेने दरबारी मराठीत रुळला. समोर मांडणे, निवेदन करणे हा त्याचा मूळचा अर्थ. ‘विनंती’ हा शब्द व्युत्पत्तिकार संस्कृत ‘विज्ञप्ति’पर्यंत नेतात; तिथेही जाणवून देणे, कळविणे हाच आशय आहे. दोन्ही शब्दांना याचनेची छटा दरबाराच्या व्यवहारातून आली. ‘उमेदवार’ म्हणजे उमेद बाळगणारा. परंतु मराठीत ‘उमेदवारी करणे’ म्हणजे पुरता मेहनताना न घेता काम शिकत राहणे असाही अर्थ रूढ झाला. संशोधनपदवीसाठी अर्ज करणारी व्यक्ती या सर्व अर्थांच्या मध्ये उभी असते. तिला एक नवा प्रश्न मांडायचा असतो, म्हणजे अधिकाराने काही सांगायचे असते. आणि त्याच कागदावर तिला प्रवेश, पैसा आणि वेळ मागायचा असतो. निवेदन आणि याचना यांचे प्रमाण काळानुसार कसे बदलत गेले, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२

या लेखनप्रकाराचा इतिहास पदवीच्या इतिहासाहून वेगळा करता येत नाही. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन नमुन्यावर. ती परीक्षा घेणारी विद्यापीठे होती. अध्यापन संलग्न महाविद्यालयांत चाले. अशा विद्यापीठाकडे येणारा अर्ज हा परीक्षेला बसण्याचा अर्ज असे. त्यात विद्यार्थ्याने स्वतःचा प्रश्न मांडावा अशी अपेक्षाच नव्हती, कारण प्रश्न विचारणे हे परीक्षकाचे काम होते. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने अध्यापन आणि संशोधन ही कामे विद्यापीठांच्या कक्षेत आणली. आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने कलकत्ता विद्यापीठात १९१७ मध्ये पदव्युत्तर अध्यापनाची पुनर्रचना झाली आणि १९१९ मध्ये आधुनिक भारतीय भाषांसाठी एम्.ए.चा अभ्यासक्रम सुरू झाला. देशी भाषांच्या वाङ्मयाविषयी विद्यापीठीय पातळीवर प्रश्न विचारता येतो, हे येथे प्रथम मान्य झाले.

संशोधनपदवीची कल्पना घडली ती जर्मनीत, १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाच्या परंपरेत. तेथे प्रबंध ही पदवीची अट आणि ‘सेमिनार’ ही तिची कार्यशाळा होती. मार्गदर्शकासाठी जर्मन भाषेत रूढ असलेल्या ‘डॉक्टरफाटर’ या शब्दात पित्याचे नाते आहे. इंग्रजीतील ‘सुपरवायझर’ देखरेख करतो. मराठीतील ‘मार्गदर्शक’ वाट दाखवितो. तीन शब्दांत तीन शैक्षणिक संस्कृती आहेत. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ मध्ये पहिल्या पीएच्.डी. पदव्या दिल्या आणि १८७६ मध्ये स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने संशोधनाला केंद्रस्थान दिले. इंग्लंडने मात्र ही पदवी उशिरा स्वीकारली. ऑक्सफर्डने १९१७ मध्ये तिचे नियम केले. केंब्रिज आणि लंडन येथे ती पहिल्या महायुद्धानंतरच आली. ही तारखांची गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ज्या भारतीय विद्यार्थ्यांनी अमेरिका आणि इंग्लंड या दोन्ही देशांत अर्ज केले, ते दोन वेगळ्या ज्ञानव्यवस्थांपुढे उभे होते. एकीकडे त्यांच्या अर्जासाठी तयार चौकट होती. दुसरीकडे ती अद्याप घडायची होती.

३

मराठी भाषक व्यक्तीने परदेशी उच्चशिक्षणसंस्थेकडे केलेल्या अर्जांपैकी सर्वांत प्रसिद्ध अर्ज आनंदीबाई जोशी यांचा आहे. १८८३ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे तो पाठविला. त्यांची १८८६ ची एम्.डी. ही आजच्या अर्थाने संशोधनपदवी नव्हे. तरी तिच्यासाठी प्रबंध लिहावा लागला होता, म्हणून तो अर्ज येथे विचारात घेणे अनुचित ठरणार नाही. त्या पत्राची रचना पाहण्यासारखी आहे. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करीत नसू हे अर्जदार स्वतःच सांगते आणि आपल्या देशभगिनींची वैद्यकीय गरज हे अर्जाचे समर्थन म्हणून पुढे ठेवते. पात्रतेच्या जागी प्रयोजन आले आहे. तीन वर्षांनी सादर झालेल्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परकीय संस्थेत, परकीय भाषेत, आपल्या समाजातील ज्ञान आणि व्यवहार यांची चिकित्सा करणारा हा विषय होता.

हा आकृतिबंध पुढे वारंवार दिसतो. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ मध्ये अमेरिकेस गेले. कॉर्नेल विद्यापीठात असतानाच, १९०९ मध्ये, त्यांचा भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील ग्रंथ इथाका येथे प्रसिद्ध झाला आणि १९११ मध्ये त्यांना पीएच्.डी. मिळाली. ज्ञानकोशकार केतकर या प्रतिमेमागे हा संशोधक विद्यार्थी काहीसा झाकला गेला आहे. त्यानंतर पाच वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये भीमराव आंबेडकर यांनी जातींची उत्पत्ती, यंत्रणा आणि विकास यांवर निबंध वाचला. त्या निबंधात सेनार, नेसफील्ड आणि रिस्ले यांच्या बरोबरीने केतकरांच्या व्याख्येची चर्चा आहे. १९२२ मध्ये गोविंद सदाशिव घुर्ये यांनी केंब्रिज येथे पीएच्.डी. मिळविली, त्यांचा जात आणि वंश यांवरील सुप्रसिद्ध ग्रंथ १९३२ मध्ये आला. सुमारे दीड दशकाच्या आत तीन मराठी भाषक विद्यार्थी तीन परदेशी विद्यापीठांत जातिसंस्थेचा विचार करीत होते. त्यांच्या सामाजिक भूमिका एकमेकींपासून दूर होत्या, निष्कर्षही भिन्न होते. परंतु आपल्या समाजाच्या सर्वांत अवघड प्रश्नाकडे पाहण्यासाठी तिघांनाही परक्या विद्यापीठातील सेमिनारची खोली उपयोगी पडली. याला योगायोग म्हणून सोडून देणे बरोबर होणार नाही. तेथे इतर समाजांविषयीची सामग्री शेजारी ठेवलेली होती. आणि तुलनेशिवाय जात ही ‘संस्था’ म्हणून दिसतच नाही, ती स्वाभाविक व्यवस्था वाटते.

४

या तिघांपैकी आंबेडकरांच्या शैक्षणिक कागदपत्रांचा आणि चरित्रसाधनांचा अभ्यास सर्वांत सविस्तर झाला आहे. त्यातून संशोधनपदवीच्या अर्जाचे तीन घटक स्वतंत्रपणे पाहता येतात : पात्रता, साधने आणि विषय.

प्रथम साधने. बडोदा संस्थानाने त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार जून १९१३ मध्ये झाला. म्हणजे ही शिष्यवृत्ती हक्क म्हणून मिळालेली नव्हती. संस्थानिकाच्या उदारतेवर आणि भावी सेवेच्या तारणावर ती आधारलेली होती. जुलै १९१३ मध्ये ते कोलंबियात दाखल झाले. तेथील त्यांच्या अभ्यासक्रमांच्या यादीत अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र आहेच. शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचा एकेक अभ्यासक्रमही आहे. संशोधनाला एकाहून अधिक भाषा लागतात, ही जाणीव त्या यादीतही दिसते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी ती नोंद अवश्य लक्षात ठेवावी.

पुढे पात्रता. १९१५ मध्ये प्राचीन भारतीय व्यापारावरील निबंधासह एम्.ए. झाल्यावर ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. कोलंबियातील त्यांचे अध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनमधील अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी लिहिले होते. लंडनमध्ये त्या वेळी पीएच्.डी. ही पदवी नव्हती; एम्.एस्सी. आणि त्यापुढे डी.एस्सी. अशी वाट होती. एका देशातील संशोधनाची मोजपट्टी दुसऱ्या देशात लागू पडत नव्हती, आणि हे अंतर भरून काढण्याचे काम अशा व्यक्तिगत पत्रांनी होत होते. १९२० मध्ये आंबेडकर परत लंडनला आले तेव्हा फॉक्सवेल यांनी संस्थेच्या चिटणीसांना कळविले की या विद्यार्थ्याने डॉक्टरेट आधीच मिळविली आहे आणि येथे त्याला जिंकण्यासारखे आणखी काही उरलेले नाही. वास्तविक कोलंबियाची पदवी तोपर्यंत औपचारिकपणे मिळालेली नव्हती. प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याखेरीज ती देण्याची कोलंबियाची प्रथा नव्हती. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये, सेलिग्मन यांच्या प्रास्ताविकासह, प्रसिद्ध झाला आणि १९२७ मध्ये पीएच्.डी. मिळाली. कोलंबियातील वास्तव्य १९१६ मध्ये संपले. पदवी हाती पडण्यास आणखी अकरा वर्षे लागली. यात बुद्धीचा प्रश्न नव्हता. वेळ आणि छपाईचा खर्च यांचा प्रश्न होता.

तिसरा कागद मुदतवाढीचा. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये आंबेडकरांना लंडनचे काम अर्धवट टाकून परतावे लागले. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांपर्यंत अनुपस्थित राहण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने त्यांना दिली. ही सवलत कागदावर एका ओळीची असली तरी पुढील सर्व गोष्टी तिच्यावर अवलंबून होत्या. दरम्यानच्या काळात बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेमुळे राहण्यास जागाही मिळाली नाही. मुंबईस येऊन नोव्हेंबर १९१८ पासून त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले. स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या जोरावर १९२० मध्ये ते लंडनला परतले. १९२१ मध्ये एम्.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. चार वर्षांची ती मुभा नसती, किंवा मुदत संपताच नाव पटावरून कमी करण्याचा नियम काटेकोरपणे लागू झाला असता, तर रुपयाच्या प्रश्नावरील तो प्रबंध लंडन विद्यापीठात सादर झालाच नसता.

आता विषय. ज्या साम्राज्याच्या राजधानीत तो प्रबंध लिहिला गेला, त्या साम्राज्याच्या भारतातील चलनविषयक धोरणाची त्यात कठोर चिकित्सा होती. चरित्रकारांच्या मते परीक्षकांनी आधी तो सुधारून देण्यास सांगितले आणि सुधारित स्वरूपात तो मान्य झाला. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेत लेखकाच्या काही विवेचनाशी आपले मतभेद असल्याचे स्पष्टपणे नोंदविले आहे. मार्गदर्शकाचा मतभेद हा पदवीच्या आड आला नाही, उलट तो ग्रंथाच्या पहिल्या पानांवर छापला गेला. या प्रसंगाचे आदर्शीकरण करण्याचे कारण नाही; साम्राज्याच्या विद्यापीठांत वर्चस्वाचे इतर अनेक प्रकार होते. तरीही एवढे म्हणता येते की या अर्जदाराची अडवणूक साधनांच्या पातळीवर झाली. आपल्या समाजाविषयी आणि आपल्या देशाच्या अर्थकारणाविषयी प्रश्न विचारण्याचा त्याचा अधिकार विद्यापीठाने नाकारला नाही.

५

या अनुभवाचा धडा आंबेडकरांनी सार्वजनिक धोरणात उतरविला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ मध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांविषयी सरकारला निवेदन सादर केले. त्यात उच्चशिक्षणासाठी आर्थिक तरतुदीची मागणी होती. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी शालान्तोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. १९५४-५५ मध्ये परदेशी उच्चशिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती योजना आली, आणि २००५-०६ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती सुरू झाली. संस्थानिकाच्या मर्जीच्या जागी शासनाचे प्रसिद्ध नियम आले. अर्जातील याचनेचा भाग त्यामुळे कमी झाला. हे परिवर्तन मोठे आहे, आणि ज्यांच्या घरात पहिला प्रबंध लिहिला गेला अशा अनेक मराठी अभ्यासकांचे ऋण या योजनांशी जोडलेले आहे.

याच काळात अर्जाचा दुसरा अर्धा भागही बदलत गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रवेशपरीक्षा, मुलाखत आणि प्रारंभिक अभ्यासक्रम यांची देशभर एक चौकट घातली. २०१६ च्या नियमांनी एका मार्गदर्शकाकडील विद्यार्थ्यांची मर्यादा प्राध्यापकासाठी आठ, सहयोगी प्राध्यापकासाठी सहा आणि साहाय्यक प्राध्यापकासाठी चार अशी ठरविली. २०२२ च्या नियमांनी एम्.फिल. ही पदवी बंद केली. मार्च २०२४ मध्ये आयोगाने ‘नेट’ परीक्षेचे गुण पीएच्.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याचे जाहीर केले. त्यात ज्यांना केवळ पीएच्.डी. प्रवेशासाठी पात्र ठरविले जाते त्यांच्या बाबतीत सत्तर टक्के भार परीक्षेला आणि तीस टक्के मुलाखतीला आहे. मनमानीला आळा घालण्याचा आणि सर्वत्र समान मोजमाप आणण्याचा यामागील हेतू समजण्यासारखा आहे. व्यक्तिगत शिफारसपत्रांवर चालणारी जुनी व्यवस्था ज्यांना ओळखीच नव्हत्या त्यांना न्याय देणारी नव्हती, हे विसरता कामा नये. मात्र बहुपर्यायी परीक्षेत प्रश्न पुन्हा परीक्षकाचा झाला आहे. १८५७ च्या परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाची छाया एकविसाव्या शतकातील संशोधनप्रवेशावर पडलेली दिसते, ती या अर्थाने.

६

या इतिहासातील सर्वांत विचार करायला लावणारे वळण २०२२ मधील आहे. परदेशी उच्चशिक्षणाच्या त्याच राष्ट्रीय शिष्यवृत्ती योजनेच्या २०२२-२३ च्या मार्गदर्शक सूचनांत असे कलम आले की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास यांवरील विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. त्यामागील तर्क असा सांगितला गेला की या विषयांची साधने आणि तज्ज्ञ भारतातच उपलब्ध आहेत, म्हणून मर्यादित निधी इतर ज्ञानक्षेत्रांकडे वळवावा. हा तर्क केवळ झटकून टाकता येत नाही. निधी मर्यादित असतोच, आणि भारतविद्येचे केंद्र भारतात असावे ही इच्छाही गैर नाही.

परंतु वर मांडलेली उदाहरणे या तर्काशी जुळत नाहीत. या कलमाच्या कसोटीवर केतकरांचा जातिसंस्थेचा इतिहास, घुर्यांचे केंब्रिजमधील काम, आंबेडकरांचा प्राचीन व्यापारावरील निबंध आणि १९१६ चा जातीवरील निबंध यांपैकी काहीही शिष्यवृत्तीस पात्र ठरले नसते. मराठीचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. मराठी भाषेच्या घडणीचा ज्यूल ब्लोक यांनी केलेला पायाभूत ऐतिहासिक अभ्यास हा पॅरिसमधील १९१४ चा प्रबंध होता. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेल्या अनुवादाने तो १९४१ मध्ये मराठीत आला. आपल्या भाषेविषयीचे ज्ञानही आपल्या भूमीबाहेर घडले आणि नंतर आपल्याकडे आले, हे नाकारता येत नाही. साधने कोठे आहेत एवढ्यावर संशोधनाचे स्थान ठरत नाही. ती साधने कशाच्या शेजारी ठेवून पाहता येतात यावरही ते ठरते. तौलनिक साहित्य ही ज्ञानशाखा याच गृहीतकावर उभी आहे. बुद्धदेव बसू यांनी १९५६ मध्ये जादवपूर येथे तिचा विभाग सुरू केला तेव्हापासून आपणही भारतीय वाङ्मयाकडे बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून, पाहण्याचा आग्रह धरत आलो आहोत.

या कलमाचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही, हेही नोंदविले पाहिजे. ज्याच्या कुटुंबाकडे पैसा आहे तो परदेशात जाऊन जातीचा, दलित वाङ्मयाचा किंवा ग्रामसंस्थेचा अभ्यास करू शकतो. त्याला या शिष्यवृत्तीची गरज नाही. ज्यांच्या समाजगटांसाठी ही योजना आहे, नेमके त्यांनाच आपल्या समाजाविषयीचा प्रश्न बाजूला ठेवून अर्ज लिहावा लागतो. आंबेडकरांच्या काळात अर्जदाराला साधने मागावी लागत; प्रश्न त्याचा स्वतःचा होता. २०२२ च्या या सूचनांत साधने नियमाने मिळतात, आणि काही प्रश्न आधीच वगळलेले असतात. निवेदन आणि याचना यांचा तोल येथे उलटा झालेला दिसतो.

७

या विवेचनातून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली गोष्ट अभ्यासाविषयीची. प्रबंध ग्रंथालयात जपले जातात. अर्ज, आराखडे आणि मुदतवाढीची पत्रे कार्यालयीन कागद म्हणून कालांतराने नष्ट होतात. लंडनमधील एका संस्थेने विद्यार्थ्याची कागदपत्रे शंभर वर्षे जपली म्हणून त्या अकरा वर्षांची कथा आपल्याला काही अंशी सांगता आली. भाषाविभागांनी निदान संशोधनाचे मूळ आराखडे, लेखकाच्या संमतीने, प्रबंधासोबत जतन करावेत. आराखड्यातील प्रश्न आणि प्रबंधातील प्रश्न यांत पडलेले अंतर हा वाङ्मयीन विचाराच्या इतिहासाचा अस्सल पुरावा आहे. कोणता शब्द गाळला गेला, कोणती दुसरी भाषा शीर्षकातून वगळली गेली, कोणत्या समितीनंतर विषय ‘मर्यादित’ झाला, हे त्यातून वाचता येईल.

दुसरी गोष्ट व्यवहाराविषयीची. आपल्यापैकी बहुतेक जण आता अर्ज लिहिणारे नाहीत, वाचणारे आहेत. समोरच्या आराखड्यात अर्जदाराने आपल्याला अपेक्षित उत्तर लिहिले आहे का, हे तपासणे सोपे असते. त्यात त्याचा स्वतःचा प्रश्न कोठे आहे, तो नीट मांडता यावा म्हणून त्याला कोणती भाषा, किती वेळ आणि कोणती मुभा लागेल, हे पाहणे अवघड असते. कॅनन यांनी मतभेद नोंदवून प्रस्तावना लिहिली आणि लंडन विद्यापीठाने चार वर्षे वाट पाहिली, या दोन कृती कोणत्याही नियमावलीत सक्तीच्या नव्हत्या. त्या मार्गदर्शकाच्या आणि संस्थेच्या विवेकावर अवलंबून होत्या. प्रवेशाची चौकट कितीही बदलली, तरी तेवढा विवेक वापरण्याची जागा अर्ज वाचणाऱ्याकडे आजही उरते.